राहून गेलेला अर्धा सेकंद

आईच्या पंचाहत्तरीचा कार्यक्रम आटपून घरी आलो तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. हॉलमध्ये सगळं छान पार पडलं होतं. औक्षण झालं, पंचाहत्तर दिव्यांची आरास झाली, भाषणं आटोपशीर झाली, आणि मी महिनाभर खपून केलेली बारा मिनिटांची फिल्म पडद्यावर लागली तेव्हा पहिल्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मामा तर उठून माझ्यापाशी आला, काही न बोलता डोक्यावर हात ठेवून परत जागेवर जाऊन बसला. घरी आल्यावर आई पलंगाच्या कडेला बसून अंबाड्यातला गजरा सोडवत होती. फुलं अजून ताजी होती, म्हणून तिनं ती ओल्या फडक्यात गुंडाळली. ते करता करता, माझ्याकडे न बघता, तिनं विचारलं, "त्या मोदकांच्या वेळी वहिनी हसल्या होत्या ना गं? ते कुठं गेलं?"

मी म्हटलं, "ते फार लांबलं होतं आई. कापलं."

"बरं," आई म्हणाली. आणि थोड्या वेळानं, दिवा घालवताना, "पण त्यांचा हात दिसला मला."

मी रात्रभर जागी होते. कारण तो हात दिसायला नको होता. मी तो कापला होता.

वहिनी म्हणजे आईची मोठी जाऊ, आमची मोठी काकू. ती जाऊन आता तीन वर्षं झाली. संगमेश्वर तालुक्यातलं आमचं घर तिनंच धरून ठेवलं होतं. आम्ही पुण्याचे. मे महिन्यात आंब्यांना आणि भाद्रपदात गणपतीला जाणारे. फिल्ममधले ते मोदक २००७ सालच्या गणपतीतले होते, आणि चित्रण माझंच होतं. दादा त्या वर्षी न्यू जर्सीहून येताना छोट्या डिस्कवर रेकॉर्डिंग करणारा कॅमेरा घेऊन आला होता. तळहातात मावणारी, आठ सेंटिमीटर व्यासाची डीव्हीडी त्यात बसायची. कॅमेऱ्याचं कुशीतलं झाकण उघडून ती आत ठेवली की किर्र किर्र करत फिरायला लागायची, आणि हातात काहीतरी जिवंत धरल्यासारखं वाटायचं. टेप मागे-पुढे करायची कटकट नाही, काढली की थेट टीव्हीखालच्या प्लेअरमध्ये घालायची, हे त्याचं मोठं कौतुक होतं. एका डिस्कमध्ये १.४ जीबी जागा. चांगल्या दर्जाचं चित्र हवं असेल तर जेमतेम वीस मिनिटं, मध्यम ठेवलं तर अर्धा तास, आणि अगदी खालच्या दर्जाचं चाललं तर तासभर. बाबांनी पहिल्याच दिवशी तो तासाभराचा पर्याय लावून टाकला. दादानं मोजून सहा डिस्क आणल्या होत्या, आणि तसल्या डिस्क संगमेश्वरच्या बाजारात मिळणार नव्हत्या. बाबांच्या हिशोबात ते बरोबरच होतं. पण आज त्या चित्रात चुलीचा धूर धूर राहत नाही, चौकोनी तुकडे होऊन वर जातो. पागोळ्यांचंही तेच. जिथं जिथं काही हलतं, तिथं तिथं चित्र विस्कटतं.

त्या डिस्क डीव्हीडी-आर होत्या. एकदा लिहिलेलं पुसता न येणाऱ्या. चुकून बटण दाबलं गेलं, कुणी मध्ये आलं, कुणी भांडलं, तरी ते तिथंच राहणार. तेव्हा याचा फार राग यायचा. दोन मिनिटं फुकट गेली की बाबा हळहळायचे.

यंदा फेब्रुवारीत माळ्यावरच्या पेटीतून त्या सहा डिस्क काढल्या तेव्हा पाच नीट लागल्या. सहावी, जिच्यावर बाबांच्या अक्षरात मार्करनं 'गणपती, मोदक व आरती' लिहिलेलं होतं, ती मात्र कोरी दिसायला लागली. आजकालच्या लॅपटॉपला ड्राइव्हच नसतो, म्हणून भाच्याकडून यूएसबीचा ड्राइव्ह मागून आणला होता. ट्रे बाहेर यायचा, मधल्या लहान गोलात ती डिस्क पाटावर बसलेल्या लहान मुलीसारखी बसायची, ट्रे आत जायचा, आणि संगणक सांगायचा की यात काहीच नाही. मी ती उजेडात तिरकी धरून पाहिली. मागच्या बाजूला आतून बाहेर दोन छटा स्पष्ट दिसत होत्या, एक गडद, एक फिकी. झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखं सगळं उमटलेलं होतं. फक्त कडेचा जरासा भाग कोरा होता. म्हणजे डिस्क जवळजवळ भरलेली होती, आणि तरी वाचता येत नव्हती.

कारण ती बंद केलेली नव्हती. हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. कॅमेऱ्यात त्याला फायनलाइज करणं म्हणत. रेकॉर्डिंग झालं की कॅमेरा डिस्कवर सुरुवातीला अनुक्रमणिका लिहायचा, शेवटी शेवट लिहायचा, आणि मग जगातले बाकीचे प्लेअर ती ओळखायचे. तोवर ती फक्त ज्या कॅमेऱ्यात भरली गेली त्यालाच कळायची. या कामाला काही मिनिटं लागत, आणि ते चालू असताना वीज जाऊन चालत नसे. मध्येच बंद पडलं तर डिस्क हातची जायची. म्हणून कॅमेरा तेव्हा बॅटरीवर भरवसा न ठेवता अडॅप्टर लावायला सांगायचा. आता ज्यांना २००७ सालचं महाराष्ट्रातलं भारनियमन आठवतं त्यांना पुढचं सांगायला नको. गावात वीज कधी येईल आणि कधी जाईल याचा नेम नव्हता. बाबा म्हणाले होते, "पुण्याला गेल्यावर निवांत करू." पाच डिस्क त्यांनी केल्या. सहाव्या डिस्कमध्ये काही मिनिटं शिल्लक होती, ती त्यांनी तशीच ठेवली असणार, पुढं कधीतरी काही घ्यावंसं वाटलं तर, म्हणून. तशी वेळ आली नाही. दादा दिवाळीनंतर परत गेला, पुढच्याच वर्षी मेमरी कार्डाचा कॅमेरा घेऊन आला, आणि हा जुना डब्यात गेला.

कॅमेरा सापडला. बॅटरी फुगून आत अडकली होती, ती काढायला अर्धा तास लागला. अडॅप्टर नव्हता. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत चार दुकानं फिरल्यावर एका आजोबांनी कॅमेऱ्याच्या बुडाचे आकडे भिंगातून वाचले, तेवढ्याच व्होल्टचा अडॅप्टर काढला, पिनेला पिन जुळवून पाहिली, आणि पैसे घ्यायच्या आधी तिथंच दुकानात कॅमेरा चालू करून दाखवला. पडद्यावर तारीख विचारणारा चौकोन आला. कॅमेरा मधल्या इतक्या वर्षांत वेळ विसरला होता. घरी येऊन डिस्क घातली. किर्र किर्र. तोच आवाज. आणि बंद करू का, असं कॅमेऱ्यानं विचारलं. यानंतर या डिस्कवर काही लिहिता येणार नाही, अशी सूचना खाली होती. मी हो म्हणायच्या आधी थोडी थांबले. बाबांनी राखून ठेवलेली मिनिटं मी संपवत होते. बाबा आता नाहीत.

सहा मिनिटं लागली. वीज गेली नाही.

त्यानंतर संगणकानं डिस्क ओळखली. आत व्हिडिओ टीएस नावाचं फोल्डर, त्यात साचेबंद नावांच्या, पुढं आकडे लावलेल्या फायली. मी सगळ्यात आधी अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत करून घेतली, फायली उचलत बसले नाही. हे मी कुणालाही सांगेन: आधी सगळं उतरवून घ्या, निवडायचं नंतर. एके ठिकाणी ओरखडा होता, साधी कॉपी तिथं अडकायची. मग डीडीरेस्क्यू नावाचा, खराब डिस्कवरचं वाचून काढणारा प्रोग्रॅम लावला. तो सोपं आहे ते आधी भराभर उचलतो, अडतं ते नोंदून ठेवतो, आणि मग त्या जागी पुन्हा पुन्हा जातो. डिस्कवरचा मजकूर २,०४८ बाइटच्या ठोकळ्यांत असतो. असे सुमारे सात लाख ठोकळे अशा एका भरल्या डिस्कवर मावतात. रात्री झोपताना चाळीस ठोकळे अडले होते. सकाळी सातच उरले. दुपारी जेवून आले तेव्हा शून्य. तो शून्य पाहून मला जे वाटलं ते घरात कुणाला सांगताही येईना.

डीव्हीडीवर कुठलीही चित्रफाईल एक जीबीच्या पुढं जात नाही. भरली की तिथंच तुटते आणि दुसरी सुरू होते. वाक्य पुरं झालंय की नाही ते ती बघत नाही. या डिस्कवर हा तुकडा चव्वेचाळिसाव्या मिनिटाच्या आसपास पडला होता. पहिली फाईल काकूच्या आवाजात संपत होती: "तुम्ही येता तेव्हा घर—". आणि दुसरी तिथून सुरू होत होती.

स्वयंपाकघर. खरं तर चित्रात स्वयंपाकघर नाहीच. त्याआधी पाच मिनिटं मी हौसेनं सगळं टिपलं आहे: आंबेमोहोराच्या पिठीची उकड, नारळ-गुळाच्या सारणाचं पातेलं, आईची बोटं पारीला कळ्या पाडताना, विळीशेजारी हळदीच्या पानांची जुडी. मग काकू येते. तिचा हात परातीत जातो, उकडीचा एक गोळा दाबून बघतो, आणि ती म्हणते, "अगं, ही उकड आहे की भाकरीचं पीठ?" आई म्हणते, "पाणी तुम्हीच मोजून दिलंत वहिनी." इथवर थट्टाच वाटते. पण पुढच्या दोन वाक्यांत आवाज बदलतात, आणि मी कॅमेरा खाली केला आहे. बंद करायचं सुचलं नाही, किंवा बटण सापडलं नसेल. त्यामुळं चित्रात ओली शेणाची जमीन, काकूच्या पायाची बोटं, पाटाचा कोपरा, आणि एक सांडलेला खोबऱ्याचा कीस एवढंच दिसतं. आवाज मात्र सगळा आहे. कौलांवर पाऊस आहे. चुलीत लाकूड तडकतंय.

"तुम्ही येता तेव्हा घर सारवलेलं असतं, म्हणून सगळं सोपं वाटतं."

"मग सांगायचंत ना. आठ दिवस आधी आले असते."

"सांगून यायचं असतं होय?"

यानंतर कुणी बोलत नाही. चौदा सेकंद. मी मोजले आहेत. पाऊस आणि लाकूड. मग थाप, थाप, थाप असा आवाज येतो, कॅमेरा आपोआप वर जातो, आणि दिसतं की आईनं उकडीचा गोळा घेऊन दोन्ही तळव्यांत भाकरीसारखा थापायला घेतला आहे. मान खाली, चेहरा गंभीर. "भाकरी तर भाकरी," ती म्हणते. काकू आधी नुसती बघत राहते. आणि मग हसते. तोंडावर पदर घेऊन, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तिचा हात आईच्या खांद्यावर पडतो, तिथं थोडा राहतो. मग ती पुढं होते, पातेल्यात हळदीचं पान अंथरते, मोदक मांडते, आणि झाकण ठेवते.

ती पुढं होते तिथपासूनचं मी ठेवलं. मधलं सगळं, दोन मिनिटं अकरा सेकंद, काढून टाकलं. काकूची दोन्ही मुलं, सुना, नातवंडं हॉलमध्ये येणार होती. त्यांच्या आईचा चढलेला आवाज साठ माणसांसमोर लावायचा नव्हता. दादाशी फोनवर बोलले तेव्हा तोही म्हणाला, "छान छान तेवढं ठेव. भांडणबिंडण कशाला?" आणि भांडण काढलं की हसण्याला काही अर्थ उरत नव्हता. कुणाला कळलं असतं बाई का हसते आहे ते? म्हणून हसणंही गेलं. त्या वेळी मला यात काही चुकतंय असं वाटलं नाही. उलट निवड नीट जमल्याचं समाधान होतं.

आता तो हात कुठून आला? दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मी फाईल उघडली, आणि उलगडा व्हायला वेळ लागला नाही. या जुन्या डिस्कवर प्रत्येक चित्र पूर्ण लिहिलेलं नसतं. साधारण अर्ध्या सेकंदाला एक चित्र पूर्ण असतं, आणि त्याच्या पुढची चित्रं म्हणजे नुसते बदल: हे इकडून तिकडं सरकलं, ते उजळलं, बाकी मागचंच. त्यामुळं पुन्हा नव्यानं न बनवता, मूळ दर्जा राखून तुकडा कापायचा तर तो पूर्ण चित्रापासूनच सुरू करावा लागतो. बाबांच्या काटकसरीनं आधीच विस्कटलेलं चित्र मला आणखी बिघडवायचं नव्हतं, म्हणून मी तुकडे तसेच कापत होते. काकू पुढं होते त्या क्षणावर मी खूण केली. पण तिथं पूर्ण चित्र नव्हतं. त्याच्या मागचं पूर्ण चित्र जवळजवळ अर्धा सेकंद आधीचं होतं, आणि संगणक तिथून सुरू झाला. त्या अर्ध्या सेकंदात काकूचा हात आईच्या खांद्यावरून निघतो आहे. हिरव्या बांगड्या, मनगटाला लागलेली पिठी. आवाजात हसण्याचं शेवटचं टोक आहे, श्वास आत घेतानाचं.

मी तो तुकडा जोडताना कितीदा तरी पाहिला असेन. मला तो दिसला नव्हता. साठ माणसांपैकी कुणालाच दिसला नसेल. खांदा आईचा होता, तिला दिसला.

मी ते चित्र थांबवून मोठं केलं. हा कॅमेरा अमेरिकेतला, म्हणून त्याचं चित्र ४८० ओळींचं, सेकंदाला जवळजवळ तीस चित्रं. आपल्याकडच्या पद्धतीत ५७६ ओळी आणि पंचवीस चित्रं. त्यापायी महिनाभर बराच त्रास झाला होता. माजघरातल्या ट्यूबलाइटखालची सगळी आरती लुकलुकत होती, कारण आपली वीज सेकंदाला पन्नासच्या ठोक्यावर आणि कॅमेरा साठच्या. पण त्या एका चित्रात मला दुसरंच काही दिसलं. असलं प्रत्येक चित्र खरं दोन क्षणांचं असतं. सम ओळी एका क्षणाच्या, विषम ओळी सेकंदाच्या साठाव्या भागानं पुढच्या. स्थिर वस्तू असली तर फरक कळत नाही. हलती असली तर तिच्या कडेला फणीसारखे दात दिसतात. आईचा खांदा स्थिर आहे, सुरेख रेखीव. काकूचा हात दातेरी आहे. अर्ध्या ओळींत तो खांद्याला टेकलेला आहे, उरलेल्या ओळींत सुटलेला. हे दात काढून टाकायची सोय असते आणि मी बाकी सगळीकडे ती वापरली होती. या चित्रावर मी ती चालवली नाही.

मला या सगळ्याचं वाईट वाटत राहिलं, आणि नेमकं कशाचं ते ठरेना. काकूच्या मुलांचा विचार करून कापलं ते मला अजूनही चूक वाटत नाही. तिचं म्हणणं खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच ते तिच्या मुलांसमोर आणि आईसमोर एकाच वेळी लावणं अवघड होतं. आम्ही चार दिवस जायचो, सारवलेल्या जमिनीवर बसायचो, आणि ती जमीन कुणी, कधी, कंबर धरून सारवली याची चौकशी करायचो नाही. काकू गेली त्या पावसाळ्यात घराला कुलूप लागलं. दीड दिवसाचा गणपती आता चुलतभावाकडे चिपळूणला बसतो. गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी आम्ही जाऊन आलो तेव्हा पडवीतली जमीन पोपडे धरून उठली होती, आणि आई चप्पल हातात घेऊन तिच्या कडेकडेनं चालत होती. आईनं त्या दिवशी काही म्हटलं नाही. त्या चौदा सेकंदांतही नव्हतं म्हटलं.

गेल्या रविवारी दुपारी मी लॅपटॉप आईच्या पलंगावर ठेवला. सगळी डिस्क सुरुवातीपासून लावली, काही न कापता. बावन्न मिनिटं. आईनं चष्मा पुसला, उशी पाठीशी घेतली. पहिली दहा मिनिटं अंगणातली वेडीवाकडी हलती चित्रं, कुत्रा, बाबांचे पाय, गणपतीच्या मखराला चिकटवलेला जिलेटिनचा कागद. आई सगळ्याला काही ना काही बोलत होती. ही ती परात. ते पातेलं तिनं मला दिलंय, तुझ्याकडे आहे ना ते? तुझे केस बघ किती होते. मग उकड आली आणि ती गप्प झाली. काकूचा आवाज चढला तेव्हा मी नकळत आवाज कमी करायला हात पुढं केला. आईनं माझं मनगट धरलं आणि हात खाली ठेवला.

ओली जमीन. पायाची बोटं. पाऊस.

"तुम्ही येता तेव्हा घर सारवलेलं असतं," काकू म्हणाली, आणि या वेळी वाक्य मध्ये तुटलं नाही. दोन्ही फाईल मी आधीच नीट जोडून घेतल्या होत्या. चौदा सेकंद आम्ही दोघी ती जमीन बघत बसलो. मग थाप, थाप, थाप. आई पडद्यावर भाकरी थापत होती आणि पलंगावरच्या आईचे तळवे मांडीवर किंचित हलले. काकू हसली. हात खांद्यावर पडला, राहिला, सुटला. झाकण बसलं.

"उकड घट्टच झाली होती माझी," आई म्हणाली. "पाणी त्यांनी बरोबर दिलं होतं. मी पिठी जास्त घेतली."

मी काही बोलले नाही. बाहेर कुकरची शिट्टी झाली. आईनं चष्मा काढून डोळे टिपले, परत घातला, आणि पडद्याकडे बोट केलं.

"जरा मागं घे. त्या येतात तिथपासून."